अर्ध्याचें अर्धें

यवतमाळ जिल्ह्यांत दसरा उलटला कीं सगळ्या रस्त्यांना कापसाचें वेड लागतें. पूर्वीं बैलगाड्यांच्या रांगा असत, आतां ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. परंतु वाटेवरच्या बाभळींना अडकून राहिलेले पांढरे पुंजके तेच, जिनिंग कारखान्याच्या फाटकापाशीं चाललेली घासाघीस तीच, आणि वजनकांट्यावर गाडी चढतांना शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर दिसणारी काळजीहि तीच. आम्हीं जन्मांत कधीं सरकी पेरलेली नाहीं. तथापि या धांदलीशीं आमचा एक दूरचा संबंध आहे. जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं असलेल्या जिनिंग कारखान्याचा खरेदीचा हिशेब ठेवणारा संगणकाचा प्रोग्राम आम्हीं २०१३ सालीं लिहून दिला. गांवाचें व कारखान्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कां, तें पुढें वाचकांच्या ध्यानीं येईलच.

हा प्रोग्राम दहा वर्षें बिनतक्रार चालला. भरलेली गाडी तोलावी, रिकामी तोलावी, वजाबाकी करावी, भावानें गुणावें, शेतकऱ्यास पावती द्यावी आणि सायंकाळीं दिवसाच्या खरेदीची बेरीज वहींत उतरावी, एवढेंच त्याचें काम. परंतु आमच्या हातून ज्या थोड्या गोष्टी धडपणें तडीस गेल्या त्यांत आम्ही याची गणना करीत असूं, आणि घरीं पाहुणे आले म्हणजे संभाषण त्या दिशेनें वळविण्याची खोडहि आम्हांस जडली होती. सौभाग्यवतींना ती ठाऊक असल्यामुळें त्या नेमक्या त्याच वेळीं चहा करण्यास उठत.

२०२३-२४ च्या हंगामांत कारखान्यांतील जुना संगणक कायमचा मिटला. नवा आला, आणि त्याच्यासाठीं प्रोग्राम नव्यानें तयार करून द्यावा लागला. येथें थोडा खुलासा केला पाहिजे. माणूस ज्या भाषेंत प्रोग्राम लिहितो ती यंत्रास कळत नाहीं. आमचा प्रोग्राम ‘सी’ या भाषेंत आहे. ती डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. यंत्रास कळतात त्या केवळ आंकड्यांच्या आज्ञा. तेव्हां मध्यें एक दुभाषी लागतो, त्यास कंपायलर म्हणतात. तोहि एक प्रोग्रामच. ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीनें १९५२ सालीं त्याचा एक आद्य नमुना तयार केला. आजचा कंपायलर नुसता शब्दास शब्द ठेवीत नाहीं. काम अधिक जलद कसें होईल हें पाहून तो वाक्यांची उलथापालथ करतो, आणि एखाद्या ओळीचा कांहीं उपयोग नाहीं अशी त्याची खात्री झाली तर ती सरळ गाळून टाकतो. नव्या संगणकावर नवा कंपायलर होता. आमच्या लिखाणांतील एक अक्षरहि न बदलतां आम्हीं तें त्याच्या स्वाधीन केलें, तयार झालेला प्रोग्राम कारखान्यांत नेऊन बसविला, आणि विसरून गेलों.

तीन आठवड्यांनीं मालकांचा फोन आला. दोन निरनिराळ्या दिवशीं पावत्यांची बेरीज आणि वहींतील खरेदीचा आंकडा यांचा मेळ बसत नव्हता. पावत्यांप्रमाणें शेतकऱ्यांना चुकारा झालेला. पण वहींत तितकी खरेदीच दिसत नव्हती. फरक दोन्ही दिवशीं अगदीं एकच होता : ४,२९,४९६ रुपये ७२ पैसे. मालकांच्या दृष्टीनें यांतच सारें आलें. “चूक एकदां होते,” ते म्हणाले, “तीच चूक पैशापर्यंत दोनदां होत नाहीं. पावती करून पैसे उचलायचे आणि वहींतली नोंद मारायची, असा हा प्रकार आहे.” हा प्रकार कोणाचा, हें त्यांनीं सांगितलें नाहीं, परंतु पावत्या ज्यांच्या हातून जात त्या दिवाणजींकडून वही आणि किल्ल्या काढून घेतल्याचें त्यांच्या बोलण्यांत ओघानेंच आलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारच्या एस. टी. नें दिवाणजी स्वतःच आमच्या घरीं आले. कारखान्यांत त्यांना एकतीस वर्षें झालीं. त्यांच्या हातांत कापडी पिशवी होती आणि पिशवींत त्या दोन दिवसांच्या पावत्यांच्या प्रती. खुर्ची देऊं केली तरी ते दाराशेजारच्या स्टुलावर टेंकले. “साऱ्या पावत्या आणल्या जी,” ते म्हणाले. “एकेका शेतकऱ्याले जाऊन इचारा. एकतीस वर्सांत पाच पैशे हाललेले कोनी सांगावं.” मग थोडें थांबून, जणुं कांहीं ही गोष्ट अगदींच किरकोळ आहे अशा स्वरांत, त्यांनीं सांगितलें कीं हल्लीं ते चहाच्या टपरीवर गेले म्हणजे तेथील बोलणें बंद पडतें. आम्हीं त्यांना चहा दिला, धीर दिला, पावत्या ठेवून घेतल्या. परंतु ‘प्रोग्राम चुकला असेल’ हे तीन शब्द कांहीं आमच्या तोंडून निघाले नाहींत. दहा वर्षांत ज्याचें एक अक्षर बदललें नाहीं तो एकाएकीं चुकेल कसा?

त्या रात्रीं पावत्या पुढें घेऊन बसलों. फरकाची रक्कम कागदावर पैशांत लिहिली, ४२९४९६७२, आणि अंगावर कांटा आला. हा आंकडा आमच्या धंद्यांतील माणसास स्वतःच्या जन्मतारखेइतका परिचित असतो. दोनाचा बत्तिसावा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्याचीं शेवटचीं दोन स्थळें गळालीं होतीं, एवढेंच. संगणकांत संख्या ठराविक मापाच्या खणांत राहते. आम्हीं वापरलेल्या खणाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ इतकी. मोटारीच्या मैलांचा आंकडा सगळे नऊ झाल्यावर फिरून शून्यावर येतो, तसा हा खण भरून वाहूं लागला म्हणजे त्यांतील संख्या फिरते; फक्त ती शून्यावर न थांबतां एकदम उण्या बाजूच्या तळाशीं जाते. वजन किलोंत आणि क्विंटलचा भाव पैशांत घेऊन आम्ही गुणाकार करीत होतों. ३४ क्विंटल २० किलो कापूस ७,०२० रुपये भावानें घेतला तर त्याची किंमत २,४०,०८४ रुपये होते. परंतु गुणाकार खणांत मावला नाहीं तर वहींत तीच रक्कम १,८९,४१२ रुपये ७२ पैसे उणे अशी जाऊन बसते. दोहोंतील अंतर काढून पाहावें. गाडी कितीहि भरलेली असो, खण एकदां फिरला कीं अंतर तेंच पडावयाचें. पावती छापणारा भाग आम्हीं मागाहून लिहिलेला असून त्यांत मोठा खण वापरला होता. म्हणून पावती बरोबर आणि वही चूक.

दिवाणजी निर्दोष आहेत ही गोष्ट अशा रीतीनें रात्रीं साडेअकराच्या सुमारास सिद्ध झाली. फोन हाताशीं होता. तो आम्हीं उचलला नाहीं.

कारण असें कीं हा धोका आम्हांस २०१३ सालींहि ठाऊक होता, आणि त्यासाठीं आम्हीं प्रोग्रामांत एक पहारेकरी बसविला होता. गुणाकार करावा आणि लगेच पाहावें. उत्तर उणें आलें तर खण उतूं गेला असें समजून लांबच्या पण सुरक्षित वाटेनें हिशेब पुन्हां करावा, अशी ती योजना. जुन्या संगणकाची तबकडी जोडून तेंच लिखाण जुन्या कंपायलरकडून तयार करून घेतलें. वही बरोबर आली. नव्याकडून घेतलें, चूक आली. नव्यानें केलेल्या यंत्राज्ञा उलगडून पाहिल्या, तों पहारेकऱ्याची ओळच नाहींशी झालेली! तेव्हां अपराधी कंपायलर. पण मालकांना नुसतें ‘दोष यंत्राचा आहे’ असें कळविलें असतें तर त्यांनीं विचारलें असतें, ‘प्रोग्राम कोणाचा?’ त्या प्रश्नाच्या आधीं आम्हांस उत्तर हातीं हवें होतें, आणि तें सहीशिक्क्यासह : अमक्या दिवशीं, अमक्या गृहस्थानें, कंपायलरमध्यें केलेला अमका बदल. तो सांपडेपर्यंत कोणास कांहीं सांगावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें. या ठरावाची किंमत चहाच्या टपरीवर कोण देत होता, हें त्या रात्रीं आमच्या मनांत आलेंच नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल.

आतां या शोधाची रीत सांगतों, कारण ती खरोखरच सुंदर आहे. कंपायलर हें एका माणसाचें काम नव्हे. देशोदेशींचे शेंकडों लोक त्यांत रोज लहानमोठे बदल करीत असतात, आणि प्रत्येक बदल, त्याची तारीख, करणाराचें नांव व त्याचें कारण यांसह अनुक्रमानें नोंदलेला असतो. ही नोंद ठेवणारें ‘गिट’ नांवाचें साधन लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलें. दहा वर्षांच्या निरनिराळ्या आवृत्त्या तपासतां बिघाड कोणत्या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान शिरला हें चार प्रयोगांत कळलें. त्या दोहोंच्या मध्यें सात हजारांहून थोडे अधिक बदल होते. प्रत्येक बदलानंतरचा कंपायलर मुळापासून तयार करावयास आमच्या संगणकास दोन तास लागत. एकेक करीत गेलों असतों तर यंत्र रात्रंदिवस चालवूनहि दीड वर्षाहून अधिक काळ गेला असता.

पण मोल्सवर्थचा कोश उघडून ‘वांगें’ शोधणारा मनुष्य पहिल्या पानापासून आरंभ करीत नाहीं. तो मधोमध उघडतो, शब्द पुढें कीं मागें तें पाहतो, आणि अर्धा कोश एका दृष्टिक्षेपांत निकालांत काढतो. येथेंहि तेंच. यादीच्या मध्यावरील बदलापर्यंतचा कंपायलर तयार करावा. त्यानें केलेली वही बरोबर आली तर पहिलें अर्धें निर्दोष, चूक आली तर दुसरें अर्धें निर्दोष. उरलेल्या अर्ध्याचें पुन्हां अर्धें. सात हजारांचे साडेतीन हजार, त्यांचे साडेसतराशें, आणि असें करीत तेराव्या प्रश्नाला एकच बदल उरतो. तेरा प्रश्न, सव्वीस तास! ही युक्ति अर्थातच आमची नव्हे. क्रे रिसर्च या महासंगणक बनविणाऱ्या अमेरिकन कंपनींतील ब्रायन नेस व व्हिएत न्गो यांनीं १९९७ सालीं बदलांच्या यादींतून बिघाडाचा बदल कसा वेगळा काढावा यावर निबंध लिहिला. जर्मनींतील आंद्रेआस त्सेलर यांच्या १९९९ सालच्या निबंधाचें तर नांवच ‘काल माझा प्रोग्राम चालत होता, आज चालत नाहीं, कां?’ अशा अर्थाचें आहे. तें वाचून आम्हांस त्या गृहस्थाविषयीं एकदम आपुलकी वाटली. ‘गिट’मध्यें तर हें अर्ध्याअर्ध्याचें काम स्वतः करणारी एक आज्ञाच आहे. मधला बदल ती निवडून देते. आपण फक्त ‘बरा’ किंवा ‘वाईट’ असा निकाल द्यावयाचा.

निकाल देणें हेंच मात्र कठीण. सव्वीस तासांचे प्रत्यक्षांत नऊ दिवस झाले. प्रथम असें आढळलें कीं कांहीं बदलांपाशीं कंपायलर मुळीं तयारच होत नाहीं. कोणीतरी अर्धवट काम नोंदवून ठेवलेलें असतें आणि दुसऱ्या दिवशीं तें पुरें केलेलें असतें. अशा ठिकाणीं ‘बरा’ म्हणतां येत नाहीं, ‘वाईट’हि म्हणतां येत नाहीं, तो सोडून शेजारचा घ्यावा लागतो. दुसरें विघ्न विजेचें. माघांतल्या अवकाळी पावसानें एका संध्याकाळीं आमच्या वस्तीची वीज गेली, आणि सहाव्या प्रश्नाचें काम निम्म्यावर असतां संगणक बंद पडला.

आमची वस्ती गांवाच्या कडेला असून विजेची लाईन शेतांतून येते. काय झालें म्हणून पाहावयास कंदील घेऊन बाहेर पडलों तों वायरमन आणि त्याचा मदतनीस बांधावर भेटले. चाळीसएक खांबांमधून बिघाड कोठें हें कसें शोधणार, असें आम्हीं विचारलें. “साऱ्या खांबावर चढत बसलो त पाहाट होईल,” तो म्हणाला, आणि सरळ मधल्या खांबाकडे गेला. तेथला जंप त्यानें खोलला, ऑफिसांत फोन करून अलीकडची अर्धी लाईन चालू करून पाहिली, ती टिकली. मग उरलेल्याच्या मध्यावर. पांचव्या वेळीं दोन खांबांच्या मधोमध तारांवर पडलेली लिंबाची फांदी सांपडली. हा मनुष्य आमचेंच काम आमच्याहून जलद करीत होता, आणि त्यावर निबंध लिहीत नव्हता. फांदी काढतांना तो मदतनिसाला म्हणाला, “तार पाय कशी ढिली हाय इथं. उभारली तवापासूनच हाय थे. फांदी आज पडली, इतकंच.” आम्हीं त्याचें कौतुक केलें, वीज आल्याच्या आनंदांत घरीं परतलों, आणि तें वाक्य तेथेंच बांधावर राहिलें.

तेराव्या प्रश्नानंतर यादींत जो एक बदल उरला तो पाहून आम्ही चकित झालों. कोणा सज्जनानें कंपायलरच्या माहितीपुस्तकांतील एका वाक्याचें शुद्धलेखन सुधारलें होतें! पुस्तकांतील अक्षर दुरुस्त केल्यानें राळेगावच्या कापसाची किंमत बदलत नाहीं, एवढें आम्हांसहि कळतें. तेव्हां मधला एखादा निकाल खोटा पडला होता. तो सहावा निघाला. वीज आल्यावर आम्हीं काम पुन्हां सुरू केलें, परंतु अर्धवट राहिलेला कंपायलर पुरा झालाच नव्हता. आधींच्या प्रश्नाचा शिळा कंपायलर जागेवर होता, आणि परीक्षा त्याची झाली. या पद्धतीचा हा दुर्गुण आम्हांस तोंवर कळला नव्हता. एक खोटा निकाल दिला कीं पुढचे सर्व खरे निकाल त्या खोट्याच्या घरांत नांदूं लागतात; आणि पद्धति एका शब्दानेंहि कुरकुर करीत नाहीं. ती तितक्याच शिस्तीनें अर्ध्याचें अर्धें करीत जाते आणि शेवटीं कोणातरी निरपराध्याच्या खांद्यावर हात ठेवते. मालकांची गोष्ट आम्हांस त्या वेळीं आठवली, नाहीं असें नाहीं. निकालांची टिपणें होतीं म्हणून पहिले पांच प्रश्न वांचले. सहाव्यापासून आठ पुन्हां केले.

या वेळीं मात्र हातीं आला तो बदल निःसंशय तोच. चाळीसएक ओळींचा. तो मागें घेऊन कंपायलर तयार केला कीं वही बरोबर येई, परत घातला कीं चुके. असें आम्हीं तीनदां करून पाहिलें. कर्त्याचें नांव, तारीख, सारें समोर होतें. आम्हीं ताबडतोब इंग्रजीत एक तक्रार लिहावयास घेतली. ती जोरदार साधली होती. हिंदुस्थानांतील एका खेड्यांतील प्रामाणिक वृद्ध मनुष्य आपल्या या निष्काळजीपणामुळें चोर ठरला, असें एक वाक्य तींत होतें, आणि तें आम्हांस फार आवडलें होतें. आमची कन्या अमरावतीस अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्गांत आहे. ती घरीं आली होती. तिला तें वाचून दाखविलें. ऐकून ती म्हणाली, “छान आहे, बाबा. पण त्यानं चुकीचं काय केलं?”

चाळीस ओळी आम्हीं नऊ दिवस शोधल्या होत्या. वाचल्या मात्र नव्हत्या. मग वाचल्या. मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक उदय खेडकर यांनीं अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला कंपायलरच्या या अंगावरील इंग्रजी ग्रंथ २००९ पासून प्रसिद्ध आहे, आणि आमच्या मांडणीवर तो बरींच वर्षें शोभेस होता. तोहि खालीं काढला. प्रोग्रामांतील कोणत्या ठिकाणीं कोणती गोष्ट निश्चितपणें खरी असते, आणि ती गोष्ट तेथून पुढें कोठवर वाहून नेतां येते, हा त्याचा विषय. नव्या बदलानें एवढेंच केलें होतें कीं प्रोग्रामाच्या एका भागांत सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या भागांत नेण्याची कंपायलरला विद्या दिली होती. आमच्या प्रोग्रामांत आरंभींच वजन आणि भाव शून्याहून अधिक आहेत कीं नाहींत हें तपासून मगच हिशेबाच्या भागांत जातां येतें. आतां, दोन धन संख्यांचा गुणाकार उणा येतो काय? कधींच नाहीं. मग ‘उणा आला असल्यास’ अशी चौकशी कशास? कंपायलरनें ती गाळली.

पण खण उतूं गेला तर? तर काय, याचें उत्तर ‘सी’ भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणग्रंथांतच आहे : अशा संख्येचा खण उतूं जाऊं न देणें ही लिहिणाराची जबाबदारी, त्यानें तें होऊं दिलें तर पुढें काय होईल याची हमी भाषा घेत नाहीं, आणि तसें होतच नाहीं असें धरून चालण्यास कंपायलर मोकळा आहे. हा नियम आम्हांस ठाऊक नव्हता असें नव्हे. परीक्षेंत पांच गुणांसाठीं आम्हीं तो लिहिलेला आहे. चोर आंत शिरूं नये म्हणून पहारेकरी दाराबाहेर बसवावा, म्हणजे गुणाकारापूर्वींच तो खणांत मावेल कीं नाहीं हें पाहावें. आम्हीं त्याला माजघरांत बसविला, आणि चोर दिसलाच तर ओरड म्हणून सांगितलें. जुन्या कंपायलरला तेवढी विद्या नसल्यामुळें ती व्यवस्था दहा वर्षें खपली.

अधिक आंकडेमोड केली तेव्हां आणखी शरमलों. २०१३-१४ सालीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,००० रुपये होता. त्या भावानें ५३ क्विंटल ६८ किलोंपर्यंतची गाडी आमच्या खणांत मावत असे, आणि इतक्या वजनाची गाडी त्या कांट्यावर फारशी येत नसे. २०२३-२४ सालीं हमीभाव ७,०२० रुपये झाला, आणि मर्यादा ३० क्विंटल ५९ किलोंवर आली. म्हणजे एखादी चांगली भरलेली ट्रॉली पुरे. एवढेंच नव्हे. या भावानें ६१ क्विंटल १८ किलोंच्या पलीकडे गेलें कीं संख्या पुरी फिरून पुन्हां धन होते. तेव्हां जुना कंपायलर असता तरी आमचा माजघरांतला पहारेकरी स्वस्थ झोंपून राहिला असता. तेवढ्या वजनाची एकच पावती या भावानें कधीं झाली नाहीं, याचें श्रेय आम्हीं घेऊं नये हें बरें.

तक्रार फाडली. लिखाणांतील एक ओळ बदलली, मोठा खण वापरला; दोन मिनिटांचें काम. तसलाच प्रकार आणखी कोठें आहे काय म्हणून उरलेलें लिखाण चाळलें, तों दोन ठिकाणीं आढळला. सकाळच्या पहिल्या एस. टी. नें कारखान्यांत गेलों. मालकांच्या खोलींत दिवाणजींनाहि बोलावून घ्या अशी विनंति केली, आणि दोघांसमोर सर्व हकीकत सांगितली. कंपायलरचें नांव आम्हीं काढलें नाहीं. ते दोघेहि त्यास ओळखत नव्हते. मालकांनीं दोनदां आंकडे पडताळून पाहिले. ते क्षमा मागणाऱ्यांपैकीं नव्हत. त्यांनीं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर दिवाणजींच्या बाजूला सरकविला, आणि चहा आल्यावर पहिला कप स्वतः उचलून त्यांच्यापुढें ठेवला. आमच्यापुढें नोकरानें ठेवला.

बाहेर सरकीच्या ढिगापाशीं दिवाणजी आम्हांस पोंचवावयास आले. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “माह्यात काई नाई, हे तुमाले कवा समजलं जी?”

खोटें बोलणें सोपें होतें. “तुम्ही पिशवी घेऊन आला होता ना,” आम्ही म्हणालों, “त्याच रात्रीं.”

त्यांनीं बोटांवर दिवस मोजल्यासारखें केलें. “दहा रोज झाले,” ते म्हणाले, आणि फाटकापर्यंत आमच्या बरोबर चालत आले. एस. टी. येईपर्यंत उभे राहिले. तीं दहा मिनिटें आम्हांस फार लांब वाटलीं.

पुढच्या हंगामांत कांहीं कामानिमित्त त्या कारखान्यांत सायंकाळीं जाण्याचा प्रसंग आला. वजनकांटा बंद झाला होता, आणि आमच्या प्रोग्रामानें दिवसाची बेरीज छापून दिली होती. दिवाणजींनीं तो कागद उपडा घालून बाजूला ठेवला. खणांतून लांबट लाल वही काढली, चष्मा पुसला, आणि पावत्यांची चळत पुढें ओढून एकेक रक्कम पेन्सिलीनें मांडावयास आरंभ केला. मालकांनीं त्यांना हें सांगितलेलें नव्हतें. आम्ही समोरच्या बाकावर बसून राहिलों. पाऊण तास लागला. बेरीज झाल्यावर त्यांनीं कागद उलटा केला, दोन्ही आंकडे बोटानें ताडून पाहिले, खालीं एक आडवी रेघ ओढली, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “बरोबर हाय जी आज.”